धुरपताबाईचं अर्धं बोलणं

धुरपता निमगडेला वाचायला आलं ते बाविसाव्या वर्षी. आल्याआल्या तिनं पहिलं काय केलं, तर सरकारी यादीतली चूक पकडली.

आज पोंभुर्णा तालुक्यात असलेलं सावरटोला हे तिचं सासर. जंगलाच्या कडेला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. साक्षरतेचे वर्ग तेव्हा गावोगाव निघाले होते. सावरटोल्यात बायांचा वर्ग दुपारी भरायचा, भांडी घासून झाल्यावर, शाळेच्या पडवीत. त्या पडवीच्या भिंतीला मतदार यादी चिकटवलेली होती. धुरपतानं त्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. तिचं नाव बरोबर होतं. नवऱ्याचं, श्रावणचं, तेही बरोबर. पुढच्या रकान्यात मात्र तिला 'पुरुष' केलेलं.

"आता श्रावणभाऊचं काय होईन वो?" शेजारी बसलेली चंदा गुरनुले म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

पण धुरपता हसून थांबली नाही. चंदाला सोबत घेऊन ती तहसिलीत गेली, फॉर्म भरला, आणि दुसऱ्या वर्षीच्या यादीत बाई झाली. तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की कागदावर छापलं म्हणजे खरं असं नसतं, आणि लोक बोलतात म्हणजे तर मुळीच नसतं. जाऊन पाहावं लागतं.

पुढं तीस वर्षं ती गावाला पेपर वाचून दाखवत आली. सकाळच्या बसनं फाट्यावर पेपर उतरायचा, कोणीतरी सायकलवर घेऊन यायचं, आणि दुपारी तीनच्या सुमारास समाजमंदिराच्या ओट्यावर दहापंधरा माणसं जमायची. कोणी तिला नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. आधी बाया यायच्या, मग म्हातारे येऊ लागले, आणि मोबाईल घरोघरी आल्यावर तर गर्दी वाढलीच. कारण आता प्रत्येकाच्या खिशात दहा बातम्या आणि त्यातली खरी कोणती ते कोणालाच कळत नव्हतं.

एकदा मतदान संपलं त्याच संध्याकाळी टीव्हीवर आकडे झळकले आणि वरच्या मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांनी फटाके फोडले. धुरपताबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "अरे, हा अंदाज हाय. काही लोकांले इचारून हिशोब लावला त्याईनं. पेट्या अजून सीलबंद हायेत." निकाल उलटा लागला तेव्हा फटाके उडवणाऱ्यांनी ओट्यासमोरून जाताना मान खाली घातली. कोणी पुराचा फोटो आणून दाखवला, कालचाच म्हणे. तिनं तो मोठा करून पाहिला. मागं दुकानाची पाटी होती, वेगळ्याच लिपीतली. "हे आपल्या मुलखातलं नोहे," ती म्हणाली. एक म्हातारी रडत आली की यादीतून नाव गेलं, आता मी देशाची राहिले नाही. तिला पाणी पाजून धुरपतानं समजावलं, "मतदार यादी येगळी वो माय, नागरिकत्व येगळं. नाव गेलं त पुन्हा टाकता येते." आणि तिचा फॉर्म भरून दिला.

सगळ्यांना ती एकच सांगायची, "दुसऱ्याच्या तोंडचं आयकू नोका. ज्यानं सांगतलं त्याच्याच तोंडून आयका, नाईतर कागद पाहा." गावातल्या पोरापोरींना हे वाक्य पाठ झालं होतं.

चंदा या सगळ्यात तिच्या बाजूला. दोघींची घरं दोन दारं सोडून. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला एकत्र, रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, एका बांधीत. धुरपताची मुलगी नूतन झाली तेव्हा सवा महिना चंदानं चूल सांभाळली. चंदाचा नवरा गेला तेव्हा धुरपतानं तिला तेरा दिवस एकटं झोपू दिलं नाही. धुरपता निळ्या निशाणाची, बौद्ध, आणि चंदा माळ्याची. पण गावात कोणाला चंदा कुठं आहे असं विचारलं, तर तो धुरपताच्या दाराकडं बोट दाखवी.

मग जंगलाच्या दाव्याची गोष्ट आली.

गावातल्या एक्केचाळीस घरांकडं वनजमिनीचे पट्टे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन कायद्यानं त्यांच्या नावावर झाली होती. आता वनहक्क समितीचा अध्यक्ष सुनिल आत्राम याचं म्हणणं होतं, की गावाभोवतीच्या जंगलावर गावानं सामूहिक दावाही करावा. म्हणजे तिथला बांबू, तेंदू, मोह यांचा कारभार ग्रामसभेच्या हाती येईल. कोणाला विकायचं, कधी तोडायचं, ते गाव ठरवील. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता, आणि ठरावाला निम्मे तरी मतदार हजर पाहिजे होते, त्यांत बायाही पुरेशा.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत, सरपंच आणि सातआठ मेंबर, असंच निम्म्या गावाला वाटायचं. धुरपतानं आठ दिवस तेच समजावलं. "मेंबर ते पंचायत. आपुन सारे मिळून ते ग्रामसभा. तू गेली नाई त तुझ्या जागी कोनी बोलनार नाई."

लोक तयार होत होते. तेवढ्यात गावात एक वावडी उठली, की सामूहिक दावा केला की घरोघरचे पट्टे रद्द होतात, जमीन सरकारजमा होते. कुठून उठली कोणाला ठाऊक नाही. पण पट्टेवाल्या घरांत चुलीपर्यंत पोचली.

सभेच्या चार दिवस आधी, दुपारी, चंदानं धुरपताला ओसरीवर बोलावलं. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. धुरपताही मांडी घालून सोलायला लागली.

"माझी बहीण पलीकडच्या गावात रायते ना," चंदा म्हणाली, "तिकडं बी हेच बोलून राह्यले, पट्टे जातीन म्हणून. तू समजावून सांग वो. मी फोनात घेतो न् तिले पाठवतो."

"घे ना."

"पहिले लोकं काय म्हणून राह्यले ते पुरं सांग. मंग खरं काय ते सांग. नाईतर तिले समजनार नाई, कायच्याबद्दल बोलून राह्यली ते."

धुरपताला ते पटलं. तिनं पदर नीट केला, फोनकडं पाहिलं आणि सांगितलं. लोक काय म्हणतात ते आधी, जसंच्या तसं. मग म्हणाली की हे सगळं खोटं आहे. कायदा एकच, पण हक्क दोन आहेत, कसणाऱ्याचा जमिनीवर आणि गावाचा जंगलावर, आणि एकानं दुसरा जात नाही. चांगली पाच मिनिटं बोलली. चंदानं फोन खाली ठेवला आणि तिला चहा दिला.

सभेच्या आदल्या दिवशी बल्लारपूरहून नूतनचा फोन आला. जावई तिकडं कोळसा खाणीत होता.

"आई, तू असं काऊन बोलली?"

"काय बोलली?"

"पट्टे रद्द होतीन म्हणून. इथी याईच्या खाणीतल्या ग्रुपवर आलं. तूच हाये त्याच्यात. तुझाच आवाज हाये."

नूतननं पाठवलेली फिल्म धुरपतानं श्रावणच्या फोनवर पाहिली. एकवीस सेकंदांची. तिचा चेहरा, तिचा पदर, तिचा आवाज: "सामूहिक दावा केला का तुमचा पट्टा रद्द होते. जमीन सरकारजमा होते. ठरावाले हात वर केला का शेत गेलं समजा." बस. आधीचं 'लोक म्हणतात का' नाही. नंतरचं 'हे खोटं हाये' नाही.

तिच्या डोक्यामागं निळा खांब दिसत होता आणि त्याला टांगलेलं सूप. तिला ओसरी ओळखायला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

ती अनवाणीच गेली. चंदा बकरीला पाला टाकत होती.

"चंदा, हे काय हाये?"

चंदानं फोनकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो माय! मी त बहिणीले पाठवली. तिथून कोनी कापली का काय मालूम."

"पुरी हाये ना तुझ्याजवळ?"

"हाये ना. उद्या सभेत दाखवतो साऱ्याईले. तू घाबरू नोको."

धुरपताचा जीव भांड्यात पडला. तिला एक क्षणही शंका आली नाही. घरी येऊन ती श्रावणला म्हणाली, "चंदाजवळ पुरी हाये." श्रावणला बोलायची सवयच कमी होती. जेवताना एवढंच म्हणाला, "तिचा पोरगा बांबूच्या ठेकेदाराकडं मुनशी हाये, धेनात हाये ना?"

"प्रणित? तो त माझ्या हातावर वाढला," धुरपता म्हणाली.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. गावात चारशे बारा मतदार. दोनशे सहा पाहिजे होते. अकरा वाजता सुनिलनं मोजले, एकशे एकाहत्तर. पट्टेवाल्या घरांतले फार थोडे, त्यांच्या बाया तर बोटावर मोजण्याइतक्या. सुनिल घाम पुसत धुरपताकडं आला. "बाई, तुमीच बोला आता. लोकं फिल्म पाहून घरी बसले."

धुरपता उभी राहिली. ही फिल्म अर्धी आहे, असं तिनं सांगितलं. आपण काय बोललो होतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. लोक ऐकत होते, पण ओट्यावर ऐकायचे तसे नाही. नजर जमिनीवर होती.

जंगू मडावी उठला. सत्तरीचा माणूस, चार एकराचा पट्टा, रोज ओट्यावर पुढं बसणारा. "धुरपताबाई, तूच आमाले सांगतलं, दुसऱ्याच्या तोंडचं आयकू नोका, ज्याचं त्याच्या तोंडून आयका. आमी तुझ्याच तोंडून आयकलं. आता तू म्हनते ते नोहे. मंग कोनतं खरं मानाचं आमी?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि धुरपताला म्हणून ते जास्त लागलं.

"पुरी फिल्म हाये," ती म्हणाली. "चंदाजवळ हाये. चंदा, दाखव."

चंदा बायांत बसली होती, मागून दुसऱ्या ओळीत. तिनं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि मान वर न करता म्हणाली, "पुसली गेली वो. माझ्यानं पुसल्या गेली."

पटांगणात कोणीतरी हसलं. धुरपता उभीच राहिली. तिला वाटलं चंदा आता वर पाहील आणि निदान एवढं तरी म्हणेल, की बाई खरं बोलते, मी समोर होते, मी ऐकलं. तेवढं पुरलं असतं. तिनं वाट पाहिली. चंदानं फोन पदरात ठेवला आणि बाजूच्या बाईकडं सरकून बसली.

संख्या पुरी न झाल्यानं सभा तहकूब झाली.

घरी जाताना धुरपतानं चंदाला तिच्याच दारात गाठलं. आता तिला ओरडावंसं वाटत नव्हतं.

"पुसली नाई ना तू?"

चंदा कडीशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "प्रणितनं कापली. जंगल गावाच्या हाती गेलं त ठेकेदार जाते. मंग त्याची रोजी जाते. लगन जमून राह्यलं त्याचं."

"त्यानं कापली. पन पहिले लोकं काय म्हनतात ते पुरं सांग, हे मले कोनं सांगतलं?"

चंदानं कडी सोडून पदर सावरला.

"त्यानं तुले शिकवून ठेवलं होतं. शेंगा सोलता सोलता तू माझ्याकडून ते वदवून घेतलं."

"तुले काय झालं वो त्यानं?" चंदा एकदम चिडून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "तुले सारं गाव मानते. चार दिवसानं भुलतीन लोकं. माझ्या पोराचं कोन पाह्यनार? दुसऱ्या कोनाची फिल्म चालली नसती."

"मानते म्हनूनच त तू माझं तोंड घेतलं, चंदा."

एवढं बोलून ती वळली. दोन दारांचं अंतर तिला संपेना.

चार दिवसांनी लोक भुलले नाहीत. तीनच्या सुमारास ओट्यावर पाचसहा माणसं आली, मग तीन. जे आले ते ऐकायचे, पण ऐकून झाल्यावर एकमेकांकडं पाहायचे. एका पोरीनं तर फोन काढून विचारलं, "बाई, हे जे आता सांगतलं ते पक्कं ना?" धुरपतानं पेपर घडी करून ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस ती ओट्यावर गेली नाही. दुपारी तीन वाजले की ती काहीतरी काम काढायची. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची.

श्रावणला वाटलं, तिनं चंदाचं नाव गावात सांगावं. "सांग ना, कोनं केलं ते. समजू दे."

"माझ्यावर इश्वास हाये कोनाचा?" ती म्हणाली. "सांगतलं त म्हनतीन, आता मैत्रिणीवर ढकलून राह्यली."

तेही खरंच होतं. पण आणखी एक गोष्ट होती, ती तिनं श्रावणला सांगितली नाही. चंदानं हे केलं, हे चारचौघांत उच्चारलं की ते झालंच असं ठरणार होतं. आणि अजून, एवढं सगळं होऊन, तिच्यातला एक कोपरा ते मानायला तयार नव्हता.

दावा मात्र तिला सोडायचा नव्हता. खालच्या अंगाला वीसेक किलोमीटरवर एक गाव होतं, तिथं सामूहिक हक्क मिळून बरीच वर्षं झाली होती. सुनिलनं तिथल्या एका माणसाशी बोलणं करून दिलं. धुरपता सकाळीच जंगू मडावीच्या दारात गेली.

"भाऊ, माझ्या तोंडाचं आता काई सांगत नाई. चाला, कागद दाखवतो."

जंगूनं थोडा विचार केला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि निघाला. त्या गावच्या माणसानं पत्र्याची पेटी उघडून दोन कागद खाटेवर ठेवले. एक त्याच्या स्वतःच्या पट्ट्याचा, एक गावाच्या सामूहिक हक्काच्या प्रमाणपत्राची नक्कल. जंगूला वाचता येत होतं. त्यालाही तिनंच शिकवलं होतं. त्यानं दोन्ही कागदांवरच्या तारखा बोटानं पाहिल्या.

"जंगल भेटून आठ वर्सं झाली," तो त्या माणसाला म्हणाला, "न् पट्टा?"

"त्याच जमिनीत यंदा बी धान पिकवला ना, भाऊ. मागं दिसून राह्यली ते तणस त्याचीच हाये."

जंगू उठून मागं गेला आणि धानाच्या तणशीचा, पेंढ्याचा ढीग पाहून आला.

सावरटोल्यात परतल्यावर त्यानं घरोघर सांगितलं. लोकांनी त्याचं ऐकलं. "जंगूबुवा सोता पाहून आला," असं जो तो म्हणू लागला. धुरपता सोबत गेली होती, तिनंच नेलं होतं, हे कोणाच्या बोलण्यात नव्हतं. तिला ते कानावर यायचं तेव्हा बरं वाटायचं आणि तेवढंच सलायचंही.

मधे निवडणूक आली, आचारसंहिता लागली, मग रोवणे आले. बांबूचा तो हंगाम हातचा गेला. दुसरी सभा भरली तेव्हा पोळा तोंडावर होता. दोनशे एकतीस माणसं आली. सुनिलनं ठराव वाचला, धुरपतानं त्याचा अर्थ सांगितला, आणि तो सांगताना प्रत्येक वाक्याआधी ती थांबायची, कोणाचा फोन वर आहे का ते पाहायची. ही खोड तिला नवीन लागली होती.

हात वर झाले. मोजायचं काम तिच्याकडंच होतं. बायांच्या ओळींतून मोजत ती चंदाजवळ आली. चंदाचा हातही वर होता. धुरपतानं तो मोजला आणि पुढं गेली.

सभा उठल्यावर चंदा तिच्या मागोमाग आली. प्रणितनं ठेकेदाराचं काम सोडलं होतं. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडं ट्रकवर लागला होता, लग्नही झालं होतं. "आता त झालं ना, धुरपता," चंदा म्हणाली. "तुझं बी काम झालं. आता त बोल."

"दावा झाला," धुरपता म्हणाली, आणि सह्यांची वही घेऊन सुनिलकडं गेली.

ओटा पुन्हा भरू लागला आहे. पूर्वीइतका नाही, पण भरतो. धुरपताबाई आता कोणाला बोलताना फोनात घेऊ देत नाही, आणि तिचं ते जुनं वाक्य तिनं बदललं आहे. "त्याच्या तोंडून आयकलं तरी पुरत नाई," ती म्हणते. "त्याच्या पहिले काय बोलला न् मंग काय बोलला, ते इचारा." हे कशावरून शिकलीस असं तिला कोणी विचारत नाही. साऱ्यांना फिल्म आठवते, पण ती कोणी आणि कशासाठी कापली ते आजही चार माणसांपलीकडं कोणाला ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात चंदा एका दुपारी ओट्यावर आली. निराधार योजना बंद होणार असा मेसेज तिला आला होता. तिनं फोन पुढं केला. धुरपतानं मेसेज वाचला. खाली ना तारीख होती, ना कोणत्या खात्याचं नाव. "हा खोटा वाटते," ती म्हणाली, "पन माझ्या वाटन्यावर जाऊ नोको. तहसिलीत बोर्डावर पाह्य. तुझ्या कागदात या वर्साचा हयातीचा दाखला नसन त तेवढा दे." सगळं नीट, सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितलं, जसं कोणालाही सांगितलं असतं. फक्त सांगताना तिनं पेपरावरून डोळे उचलले नाहीत.

चंदा तिथं थोडा वेळ बसून राहिली. मग घरी गेली.